माडीवरचं हेवी मेटल

आमच्या माडीवर राहनाऱ्या भाडेकऱ्याइतका गरीब मानूस अख्ख्या जालन्यात सापडायचा न्हाई, आन् त्याच्याइतका दंगा करनाराबी सापडायचा न्हाई. सोमवार ते शनवार हा बियान्याच्या कंपनीत ओल्या कागदावर बी पसरून मोड आले का न्हाई त्ये पाह्यतो. चालतो तर असा की जिन्यालाबी कळू नये. मस्तगडातल्या आमच्या बोळात गाय आडवी बसली तर तिला उठवत न्हाई, उलटा फिरून लांबून येतो. पन्नाशी आली, लगीन न्हाई. काहून म्हनून इचारलं तर म्हनला, "मावशी, एकदा पोरगी पाह्याला गेल्तो. तिनं छंद इचारला, मी खरं सांगून बसलो."

खरं म्हंजे हेवी मेटल. हे विलायतेकडचं गानं. बिजलीवरच्या गिटारी, ढोल, आन् गानारा असा गातो की वाटावं याचं बोट दारात सापडलंय. रविवारी सकाळी आमचा हा गरीब मानूस इस्तरीचा सदरा सोडून कवटी छापलेला काळा टीशर्ट घालतो, कालेजात उपाशी राहून घेतलेल्या जुन्या क्यासेटी काढतो आन् दोन मोठ्या स्पीकरच्या पेट्या चालू करतो. सुटं गानं तो ऐकत न्हाई. "मावशी, अल्बम म्हंजे पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या लोकांनी इचार करून एकामागं एक लावलंय, आपन मधूनच कसं उठायचं?" मधी लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हनून आमच्या बोळातले लोकं रविवारी लाईट जाऊ नये यासाठी देवाला हात जोडतात, आन् वायरमन दिसला की त्याला धरून चहा पाजतात. त्या कवट्या धुऊन माझ्या लुगड्याच्या शेजारी वाळत असतात. भोकरदनची लेक आल्ती, म्हनली, "आई, हे काय लटकवलं वं दोरीवर?" म्या म्हनलं, "माझ्या सोबतीनी हायेत."

आता माझंबी सांगते. मालकानं एवढं घर मागं ठेवलं आन् लौकर गेले. मंग मी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसावर लागले. पोटापुरतं भेटलं, कान तिथंच मशिनीच्या दनक्यात राह्यले. रडायचं काय त्यात, पाय तरी संगं घेऊन आले. तवापासून माझ्याशी जो बोलतो तो ओरडूनच बोलतो. भजनाला जाते, डोळे मिटून टाळ्या वाजवते. एकदा डोळे उघडले तर आरती होऊन बाया प्रसाद खाऊन राह्यल्या आन् मी एकलीच टाळ्या पिटून राह्यले. लेकीनं कानाची मशीन आनली. तिच्यातून मानसं बोलत न्हाईत, निस्ते भांडे घासतात. डाळीच्या डब्यात ठेवून दिली.

हा राह्याला आला त्या पहिल्या रविवारी मी भिंतीला पाठ लावून शेंगा फोडत बसले व्हते. एकदम मांडनीवरचे ताटं थरथरले, आन् माझ्या बरगड्यात कोनीतरी ढोल वाजवला. त्याच्यावर गिटार आली, जिनातल्या पट्ट्यासारखी करकरत, पन बराबर तालात. हातातली शेंग हातातच राह्यली. कितीतरी वरसांनी मला कोनी न ओरडता काही ऐकू आल्तं. तसा गानारा ओरडूनच राह्यला व्हता म्हना, पन माझ्यावर न्हाई.

नंतर त्याला म्हनलं, "एवढे चिडलेत काहून रे हे लोकं?" तो माझ्या कानाशी वाकून म्हनला, "चिडले न्हाईत मावशी. ज्यांनी हे सुरू केलं त्यातले काही कारखान्याच्या गावातले. रोज त्योच दनका ऐकून वाढले, मंग त्याचंच गानं केलं." म्या म्हनलं, "मंग आमी जिनातल्या बाया येड्याच. एवढी वरसं त्या दनक्यात काढली, गानं एक काढलं न्हाई. निस्ता कापूस काढला."

पन हे मला आवडतं असं म्या बोळात कोनाला कळू दिलं न्हाई. म्हाताऱ्या बाईनं काय सांगावं? उलट समोरची मास्तरीन म्हनायची, "मावशी, तुमीच सोसू जाने. दुसऱ्या कोनी कवाच हाकलला असता." तवा मी मान खाली घालून सुस्कारा टाकायची. जन्मभर खरं सोसलं तवा कोनी इचारलं न्हाई. आता फुकटचं कौतुक भेटून राह्यलं, कोन सोडतंय?

त्या सुस्काऱ्यानंच घात केला. मास्तरनीनं एक दिवस त्याला जिन्यात गाठलं आन् मलाबी ऐकू जाईल अशी ओरडली. "खाली म्हातारं मानूस हाये, तिच्या जिवाची काही फिकीर हाये का न्हाई?" बिचारा हात जोडून माझ्या दारात आला. "माफ करा मावशी. आता तुमाला बिलकुल तरास होनार न्हाई." मास्तरीन मागं कमरेवर हात ठेवून उभी. तिच्यासमोर खरं कसं सांगू? "बरं बाबा," म्हनलं.

त्यानं कानावर लावायचा हेडफोन आनला. रविवार आला आन् भिंत मुकी. ताटं जागच्या जागी. म्या पाठ लावून पाह्यली, निस्ता थंड चुना. पुढच्या रविवारीबी तेच. मला वाटलं, कान तर गेलेच व्हते, आता बरगड्याबी गेल्या. पिठलं-भाकर द्यायचं निमित्त केलं, त्याला खाली बोलावून दारातच इचारलं, "आज गानं न्हाई का?" तर हा हासून म्हनतो, "न्हाई मावशी, निवांत ऱ्हा तुमी!" निवांत! मला निवांतपनाची काय कमी व्हती?

शेवटी एका रविवारी गुडघे धरत माडी चढले. हा कवटीचा टीशर्ट घालून, डोळे मिटून, त्या चिडीचूप खोलीत मुंडकं हालवून राह्यला व्हता. दुसऱ्या कोनी पाह्यलं असतं तर लिंबू उतरवलं असतं. म्या त्याच्या कानावरचं डबडं ओढलं. तो दचकून उभा राह्यला.

"वाजव," म्हनलं.

"पन मावशी, तुमाला तरास…"

"मला दुसरं काही ऐकूच येत न्हाई रे बाबा. हे एक येतं. वाजव जल्दी."

त्यानं हेडफोनची वायर उपसली. मंग त्यानं पेट्या चालू केल्या. खाली बोळात मास्तरीन हातवारे करत आली, तशी म्या खिडकीतून मुंडकं काढलं आन् म्हनलं, "म्याच सांगितलं लावाया! मला आवडतं!" सारा बोळ माझ्याकडं पाहून राह्यला. त्या दिवसापासून माझं सोसनं संपलं, आन् कौतुकबी.

आता तो शेजाऱ्यांसाठी आवाज बारीक ठेवतो, आन् एक पेटी खाली माझ्या खोलीत आनतो. मी पेटीवर तळहात ठेवून बसते, तो समोर पाट घेऊन. डावा कान पुरा बंद झाला, उजव्याचंबी काही खरं न्हाई. गानं सुरू झालं की तो वाकून इचारतो, "मावशी, आलं का?" कवा येतं. कवा हाताला निस्तं लाकूड लागतं. मी म्हनते, "आलं." मंग तो खुश होऊन डोळे मिटतो, मान हालवाया लागतो, आन् त्याच्या मानीवरून मला समजतं गानं कुठवर आलं त्ये.