मोठ्या बाईंना सोडायला

आमच्या सबंध गोतावळ्यात चारचाकी घेणारी मी पहिली. गाडी सेकंडहँड होती, पण रंग चांगला होता, सीटकव्हरं नवीन होती. डॅशबोर्डवर मी छोटीशी बुद्धमूर्ती बसवली आणि पहिल्याच रविवारी गाडी कल्याणला वडिलांच्या चाळीत नेली. वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पेट्रोल का डिझेल?" त्यांना ते आधीच माहीत होतं.

निघताना मी किल्ली फिरवली तर आतून नुसता 'टक' असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. सगळी चाळ गॅलरीत उभी होती. शेवटी लोकांनी ढकलली. आरशात मला दिसलं, ढकलणाऱ्यांत वडीलही होते. चपला एका बाजूला काढून ठेवल्या होत्या त्यांनी.

त्यानंतर हे असंच चालू राहिलं. पंधरा दिवस गाडी गुपचूप चालायची आणि मग एखाद्या सकाळी अडून बसायची. गॅरेजमध्ये नेली की एका झटक्यात चालू. डॉक्टरकडे गेल्यावर पोराचा ताप उतरावा तसं. मेकॅनिकने बॅटरी बदलून दिली, तरी तेच. आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, लिंबू-मिरची बांध एकदा."

"आमच्यात असलं काही करत नाहीत, काकू."

"मग ढकला," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत शिकवते. त्या वर्षी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त झाल्या. उंच, सडसडीत, कायम कडक इस्त्रीची साडी. त्यांच्यासमोर आम्ही शिक्षकसुद्धा रांगेत उभे राहायचो. निरोप समारंभानंतर त्यांना घरी सोडायला संस्थेने गाडी ठरवली होती, ड्रायव्हरसकट. पण मी आदल्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "बाई, मी सोडते तुम्हाला. मला खूप बरं वाटेल." या शाळेत मला नोकरी त्यांनी दिली होती. मुलाखतीत माझ्या आडनावावर कुणीतरी काहीतरी बोललं, तेव्हा त्यांनी त्या माणसाला तिथल्या तिथे गप्प केलं होतं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. सोडायला जाणं म्हणजे तेच बोलणं, असं माझ्या डोक्यात होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि संस्थेची गाडी नको म्हणून कळवलं.

समारंभ झाला. बाईंच्या मांडीवर शाल, श्रीफळ आणि फुलांचा हा मोठा गुच्छ. फाटकाशी सगळा स्टाफ, मुलं, पालक. सगळे हात हलवायला लागले, दोघी-तिघी रडायला लागल्या, मी किल्ली फिरवली. टक.

हात हलतच राहिले. मी पुन्हा फिरवली. बाई काचेतून हसत होत्या, हात हलवत होत्या. टक. हळूहळू एकेक हात खाली आला. रडणाऱ्यांचं रडणं थांबलं. पीटीचे सर पुढे आले आणि म्हणाले, "न्यूट्रलला टाका, बाई." मग पुरुष शिक्षक, शिपाई, दोन पालक मागे लागले आणि 'चला, जोर लावा' करत गाडी कोपऱ्यापर्यंत नेली. इंजिन चालू झालं. मागून टाळ्या वाजल्या. समारंभात बाईंच्या भाषणालाही एवढ्या वाजल्या नव्हत्या.

"आजच असं झालं, बाई," मी म्हटलं. "कधी होत नाही."

बाई मांडीवरचा गुच्छ सरळ करत राहिल्या. पत्री पुलावर आल्यावर म्हणाल्या, "घरी नको लगेच. खडवलीला जाऊ या? माझी पहिली शाळा तिथली. पुन्हा कधी गेलेच नाही."

नाही कसं म्हणणार? खडवलीला पोचेपर्यंत इंजिन बंद पडू नये म्हणून मी प्रत्येक सिग्नलला पाय थरथरेपर्यंत क्लच दाबून धरत होते. बाई जुन्या आठवणी सांगत होत्या आणि मला त्यातलं अर्धं ऐकूच येत नव्हतं. कान सगळे इंजिनाकडे.

शाळा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. सुट्टी झालेली, फाटकाला कुलूप. बाई उतरल्या. मी आत बसूनच राहिले.

"ये ना. आणि ते बंद कर, पाण्याचा आवाज ऐकू येत नाही."

"बाई, चालूच राहू दे."

"का?"

मी स्टिअरिंगकडे बघत म्हटलं, "बंद केली तर परत चालू होईल की नाही, सांगता येत नाही. नेहमीच होतं असं."

"मग मला रिक्षा करून द्यायची होतीस," त्या म्हणाल्या. रागाने नाही. वहीतली चूक दाखवताना बोलायच्या त्याच आवाजात. तेच जास्त लागलं. मी इंजिन बंद केलं आणि त्यांच्या मागे गेले.

फाटकाच्या गजांतून त्यांनी मला त्यांचा पहिला वर्ग दाखवला. पाऊस फार झाला की मुलं यायची नाहीत, मग रिकाम्या वर्गात बसून त्या स्वतःच पाढे म्हणायच्या, असं सांगितलं. सांगताना हसल्या. शाळेत एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. थोडा वेळ मी गाडी विसरलेसुद्धा.

परत येऊन बसलो. टक.

आसपास पुरुषमाणूस नव्हता. नदीवरून धुणं घेऊन दोन बायका येत होत्या. मी काही बोलायच्या आत बाई खाली उतरल्या, शाल आणि नारळ मागच्या सीटवर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि त्या बायकांना हाक मारली, "या गं, जरा हात लावा."

"बाई, तुम्ही नका! मी उतरते."

"मग गाडी चालवणार कोण? मी? बस गुपचूप."

त्या तिघींनी ढकलायला सुरुवात केली. पुढे थोडा उतार होता. गाडीने वेग घेतला, मी क्लच सोडला, दोन गचके बसले आणि इंजिन घरघरलं. थांबवायचं धाडस मला झालं नाही. तशीच हळूहळू पुढे जात राहिले आणि आरशात बघितलं, तर मोठ्या बाई धावत येत होत्या. निवृत्तीच्या दिवशी, नव्या रेशमी साडीत, एका हातात चपला, अंबाडा सुटलेला. मागे त्या दोघी बायका पोट धरून हसत होत्या. मला वाटलं, इथेच गाडी नदीत घालावी.

त्या दार उघडून आत पडल्या आणि कल्याण येईपर्यंत श्वास सावरत बसल्या. मी माफी मागितली, त्यांनी हात हलवून गप्प केलं. घरासमोर उतरताना एवढंच म्हणाल्या, "वर बोलवत नाही. बंद पडेल तुझी."

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याच्या मित्राने दुसरं गॅरेज सुचवलं. तिथे कळलं की बॅटरीची अर्थिंगची वायर बॉडीला जिथे जोडलेली असते, तिथे गंज चढलाय. घासून नवीन वायर टाकली. तेव्हापासून गाडी एकदाही अडलेली नाही.

यंदा स्नेहसंमेलनाला मोठ्या बाई प्रमुख पाहुण्या होत्या. भाषणात त्यांनी खडवलीचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. चपला, अंबाडा, पोट धरून हसणाऱ्या बायका. "सबंध नोकरीत मी एकदाच धावले," त्या म्हणाल्या, "आणि ती माझी शेवटची ड्यूटी!" मंडप हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. बाई स्टेजवरून माझ्याकडे बोट दाखवत होत्या, अगदी मायेने. माझ्या वर्गातली मुलं खुर्च्यांवर उभी राहून मागे वळून मला शोधत होती. मीही हसले, हसावंच लागलं. पण कानशिलं इतकी तापली होती की मी उठून पडद्यामागे गेले आणि पुढच्या नाचातल्या मुलींच्या वेण्यांत गजरे माळत बसले.