भिंगावरचे झाकण

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मी तपासणीसाठी गेले, तेव्हा नवा सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडला होता. पोर्टलवर चढवायच्या छायाचित्रासाठी सातवीतली सुमन त्यावर वाकली होती आणि गुरुजी मोबाइल धरून सांगत होते, "एक डोळा मीट गं, खरं वाटलं पाहिजे."

छायाचित्र निघाले. सुमन म्हणाली, "ताई, सगळं काळंच दिसतंय."

भिंगावरचे झाकण काढलेच नव्हते. मी हात पुढे केला, तसे गुरुजी ओशाळले. "राहू द्या मॅडम. फुटलं तर भरून कोण देणार? मुलांचा पट सातावर आलाय, जूनपासून शाळाच बंद व्हायची."

मी हात मागे घेतला. जे मोजले जाते तेच सुधारते, असे मी प्रशिक्षणात शिकले होते. इथे सूक्ष्मदर्शक मोजला गेला, छायाचित्र मोजले गेले. मुलीला काय दिसले, यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. 'वापर होतो' यापुढे मी खूण केली.

"झाकण काढल्यावर काय दिसतं, ताई?"

"कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी."

"कांदा तर घरी हाय की! उद्या आणू?"

गुरुजींनी सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवून कुलूप लावले. मी तक्त्याखाली सही केली.