गोदामावरचे चार लाल चौकोन

काकू पहिल्या दिवशी वर्गात शिरली तेव्हा सगळी मुलं ताडकन उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या बाई आल्या. "बसा रे बाळांनो, मी तुमच्यातलीच," म्हणत ती शेवटच्या बाकावर जाऊन टेकली आणि तेव्हापासून वर्गाची काकू झाली. वय सेहेचाळीस. मोजणी कार्यालयात अठरा वर्षं नोकरी, आणि काम एकच: मोजणीदार दुर्बिणीतून बघणार, आणि ही समोर उन्हात पट्टी उभी धरून थांबणार. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. साहेब म्हणाले, रिमोट सेन्सिंगचा, म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमा वाचायचा कोर्स पास करा, नकाशा विभागात खुर्ची देतो. संधी मात्र दोनच. नाही जमलं तर पट्टी कुठे पळून जात नाही.

खरं सांगायचं तर काकूला हे सगळं खूळच वाटलं होतं. "सातशे किलोमीटरवरून जमीन ओळखायची? हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं की हो सर!" सर तिच्या लेकीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे. ते हसले आणि त्यांनी पडद्यावर शहराची प्रतिमा लावली. बागा, झाडं, शेतं, सगळं लालभडक!

"अगं बाई! गाव पेटलं की काय?" काकू ओरडली आणि वर्ग खो खो हसला. पण त्या लालीमागचं कारण सरांनी सांगितलं तेव्हा हसायचं सोडून ती वहीत भराभरा लिहायला लागली.

घरी भाजी निवडता निवडता तिने नवऱ्याचा वर्ग घेतला.

"म्हणजे ही पालेभाजी खरी लाल?" त्याने विचारलं.

"लाल कशी असेल? अहो, पानावरून एक असा प्रकाश परत फिरतो की तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. उपग्रहाला दिसतो. आपल्याला कळावा म्हणून लाल रंगाने दाखवतात. जिवंत पान जितकं तजेलदार, तितका तो जास्त परत फिरतो."

"मग माझ्यावरून किती फिरतो?"

"तुमच्यावरून काहीच परत फिरत नाही. सांगितलेलं सगळं आत जातं आणि तिथेच मरतं."

लेक हसून हसून बेजार झाली. इतकी हसरी संध्याकाळ त्या घरात बऱ्याच दिवसांनी आली होती.

परीक्षा अशी: प्रतिमेवर वीस ठिकाणांच्या खुणा. प्रत्येक ठिकाणी काय आहे ते लिहायचं, मग सरांनी गाडी काढायची आणि प्रत्यक्ष जाऊन तपासायचं. सोळा बरोबर आली की पास. काकूला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ! शहराचा कोपरा न् कोपरा पायाखालचा. तिने प्रतिमेकडे धड बघितलंसुद्धा नाही. क्रीडांगण आलं, लिहिलं 'गवत'. त्याचं कुंपण तिनेच मोजलेलं. तिथे गेल्यावर सरांनी गवताचा एक कोपरा चिमटीत धरून सतरंजीसारखा उचलला. प्लॅस्टिक! प्रतिमेत ते करडं दिसत होतं. वर्गातल्या पोरासोरांनीही ओळखलं होतं. काकूला पंधरा मिळाले.

"काकू, तुम्ही आठवण लिहिलीत," सर हळूच म्हणाले. "समोर काय दिसतंय ते नाही लिहिलंत."

त्या दिवशी ती घरी येऊन रडली. मग तोंड धुतलं आणि पहिल्या पानापासून वही पुन्हा वाचायला बसली.

दुसऱ्या परीक्षेत सतरावी खूण जुन्या गोदामाच्या छतावर पडली. छत सिमेंटचं, गेल्याच वर्षी तिने त्या भिंतीला पट्टी टेकवून अर्धा दिवस काढला होता. आणि प्रतिमेत तिथे चार लाल चौकोन. एकेक चौकोन म्हणजे जमिनीवरचे दहा बाय दहा मीटर.

"काहीतरी गोंधळ असेल हो प्रतिमेत," शेजारचा चष्मिस कुजबुजला. "'बांधकाम' लिहून मोकळ्या व्हा."

तिलाही तेच लिहावंसं वाटत होतं. पण तिने जोडीला दिलेली महिनाभर आधीची प्रतिमा उघडली. तिथेही लाल, फक्त थोडं फिकं. गोंधळ त्याच जागी दोनदा कसा होईल? आणि मधल्या महिन्यात लाली वाढते कशी? तिने लिहिलं: 'वनस्पती'.

तपासणीच्या दिवशी गोदामाची पाळी मुद्दाम शेवटी ठेवलेली. एकोणीस तपासून झाली होती आणि काकूची पंधरा बरोबर होती. गोदामाच्या पहारेकऱ्याने किल्ली आणली, लोखंडी जिना दाखवला. गुडघे बोंबलत होते, तरी काकूच सगळ्यांत पुढे. वरचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

अख्खं छत भोपळ्याच्या वेलांनी भरलं होतं! पोत्यांत माती, मांडवावर वेल आणि हाताच्या पंज्याएवढाली पानं. पिवळ्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या.

"चार वर्षं झाली लावतोय," पहारेकरी संकोचून म्हणाला. "मालकांना माहीत आहे हो."

"अहो, पण मला नव्हतं ना माहीत!" काकू हसत होती आणि डोळे पुसत होती. "खाली भिंतीला टेकून उभी होते मी! काखेत कळसा नि गावाला वळसा. एकदा मान वर केली असती तर..."

"तरी दिसलं नसतं," पहारेकरी म्हणाला. "कठडा पुरुषभर उंच आहे."

चष्मिसाने शिट्टी मारली आणि मुलांनी काकूच्या नावाने गच्ची डोक्यावर घेतली. सरांनी तपासणीचा कागद भोपळ्याच्या मांडवाला टेकवला, खूण केली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"इथे सही करा. 'ओळख पटवणार' लिहिलंय तिथे."

काकू पेनाकडे बघत राहिली. अठरा वर्षांत शेकडो नकाशे झाले. मोजणाऱ्याचं नाव, आखणाऱ्याचं नाव, साहेबांचं नाव. पट्टी धरणाऱ्याला रकाना नसतो.

तिने सही केली नाही. पूर्ण नाव लिहायला घेतलं, एकेक अक्षर सुटं, ठळक. नुसतं आपलं नाही. आईचं, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनावासकट. रकाना अर्ध्यातच संपला. सरांनी कागद सरळ धरून ठेवला, आणि उरलेलं नाव तिने समासात लिहून पुरं केलं.