खांबाच्या डोक्यावरचं गवत

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी जिल्ह्याच्या लोकल बोर्डाकडे ओव्हरसीयर म्हणून नवाच लागलो होतो. पहिलं काम मिळालं ते विट्याच्या पुढे, आटपाडीच्या वाटेवरच्या एका गावात, तलावाचा बांध घालण्याचं. माती खणून बांधावर टाकणं ठेकेदाराकडे. खोदाई मोजून वहीत लिहिणं माझ्याकडे; त्या आकड्यावरच त्याला पैसे मिळत.

खड्डा खणताना मध्येमध्ये मातीचा एकेक खांब न खणता ठेवायची पद्धत होती. खांबाच्या माथ्यावर मूळची जमीन गवतासकट तशीच राहते. माथ्यापासून तळापर्यंत टेप लावला, की खड्डा किती खोल गेला ते कळतं.

ठेकेदार पन्नाशीचा, गोड बोलणारा. मी मुक्कामाच्या गावाहून रोज चालत येतो हे पाहून त्याने आपली सायकल मला दिली. "पडूनच हाय, वापरा." मी वापरू लागलो. त्यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलंही नाही.

आठेक दिवसांनी मोजणी चालू होती. पाट्या वाहणाऱ्या बायकांपैकी एक टेपापाशी थांबली. तिचा नवरा फौजेत होता, घरात सासू, आणि ही रोज मातीवर. हळूच म्हणाली, "आवं सायेब, समद्या रानात गवत हिरवं हाय. ह्या खांबावरचंच का वाळलंय?"

मी गवताला हात घातला. झाकण उचलावं तसं ते मातीसकट वर आलं. खाली वीतभर भुसभुशीत माती आणि तिच्याखाली दबलेलं जुनं गवत. वरून भर घालून खांब उंच केला होता. कधी खणलीच नाही ती माती माझ्या हाताने वहीत चढणार होती. पुढचे दोन खांब पाहिले. तेच.

ठेकेदार जवळ आला. त्याने एवढंच विचारलं, "सायकल बरी चालतीया न्हवं?"

सायकल कशासाठी दिली होती ते आता कळलं. "सायकल शाळेपाशी लावून ठेवतो," मी म्हणालो, "आणि मोजणी पुन्हा होईल."

साताऱ्याला बोर्डाच्या साहेबांना सगळं कळवलं, सायकलीसकट. तेवढी एक ओळ लिहायलाच फार वेळ लागला. मला ताकीद आली, आधीची मोजणी रद्द झाली. काम मात्र ठेकेदाराकडेच राहिलं. त्या दिवसांत दुसरा कोणी मिळत नव्हता.

खांब उघडे पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने त्या बाईला कामावरून काढलं होतं. मी तिच्या घरी गेलो, मला सांगितलंत म्हणून काम गेलं, असं म्हणालो. ती म्हणाली, "बांध बारीक झाला तर पानी ऱ्हाईल का? आमालाच प्यायचंय ते."

माती घट्ट बसावी म्हणून बांधावर पाणी मारायला बोर्डाची स्वतःची माणसं असत. तिथे तिला घ्यायला मला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस ती दुसऱ्या गावी खडी फोडायला जात होती. ते मला अजून खटकतं.

पुढे खांब कुठे ठेवायचे ते गावकरीच दाखवू लागले. खणायला लागताच आम्ही खांबाच्या अंगावर, माथ्याला लागून, चुन्याची रेघ मारायचो; वर भर पडली तर ती लगेच कळे. मोजणीला शाळेचे मास्तर आकडा मोठ्याने वाचत. अशा पहिल्या मोजणीला टेपाचं दुसरं टोक ठेकेदारानेच धरलं. आकडा त्याच्या अंदाजापेक्षा कमी आला. "बराबर हाय," तो म्हणाला, आणि पुढच्या खांबाकडे गेला.