गेनवर लावलेलं नेलपॉलिश

माझ्या गाडीत माझ्या पाठीमागे कोणीतरी हात घालत होतं. कोण, ते कळेपर्यंत मला घास गोड लागत नव्हता. बायको म्हणायची, तुमचा घास कधीच गोड नसतो. असो.

पहिला संशय कळंबोलीच्या दुकानदारावर. ट्रकना भोंगे आणि टेप बसवून देणारा माणूस. त्याने माझ्या गाडीत नवे स्पीकर बसवले, पुढच्या डाव्या सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर ठेवला. हे सगळं होईपर्यंत माझी आई गाडीतून उतरली नाही. मागे बसून त्याचा हात कुठे जातो, तो कुठला स्क्रू कसा पिळतो, ते बघत राहिली. आमच्या घरात परक्या माणसावर विश्वास टाकायची पद्धतच नाही, आणि ती पद्धत आईच्या बाजूने आली आहे.

थोड्याच दिवसांत पुढचा एक स्पीकर खरखरायला लागला आणि मग मुका झाला. दुकानदार सीटखाली वाकला आणि म्हणाला, "साहेब, गेन कोणीतरी फुल करून ठेवलाय." गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे त्याने मला समजावलं. टेपकडून आलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरने किती ताणायचा, ते ठरवणारा तो छोटासा स्क्रू. तो जास्त पिळला तर टेपवरचा आवाजाचा नंबर तोच दिसतो, पण आवाज फाटतो, आणि फाटका आवाज स्पीकरची आतली तार जाळून टाकतो. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. हात लावलास तू, आणि 'कोणीतरी' म्हणे!

नवा स्पीकर दुसरीकडून आणला आणि गेन मी स्वतः लावला. टेपवरचा बास शून्यावर, आवाज पाऊण भरेपर्यंत, गेन तळाला. मग पाठ असलेलं एक गाणं लावून स्क्रू हळूहळू वर न्यायचा. गाणाऱ्याचा गळा बसल्यासारखा वाटायला लागला की थांबायचं आणि थोडं मागे यायचं. तिथे मी बायकोच्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर, अर्धी अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर. आता हललं तर रेघ तुटणार होती. बायको म्हणाली, "एवढं लक्ष माझ्या नखांकडे कधी दिलं नाहीत."

रेघ तुटली.

टेपवरचा नंबर मात्र मी ठेवला होता तोच. गाडी सुरू करताना तो नंबर मी आधी बघतो, हे सगळ्या घराला माहीत आहे. म्हणजे करणारा माहीतगार होता. स्क्रूच्या खाचेजवळ बारीक ओरखडेही होते. माझा चुलतभाऊ द्रोणागिरीला गोदामात कामाला आहे, अधूनमधून गाडी नेतो, आणि त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच. मी त्याला किल्ली द्यायची बंद केली. कारण विचारलं तेव्हा स्पष्टच सांगितलं. तो उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, "आमी काय चोर हाव? तुजी गाडी तुलाच लखलाभ." त्यानंतर तो आमच्याकडे चहालाही आला नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. हल्ली ती असंच बघायची. मी काही बोललो की डोळे बारीक करून, जणू मीच काही लपवतोय. मला राग यायचा. वाटायचं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आता पोटच्या पोरावर घेतेय.

आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीला, मांडवाला धवले तिच्या तोंडचे. धवला म्हणजे देवांना लग्नाला बोलावणारं गाणं. ते एकटीचं काम नाही. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची. झेलताना उशीर झाला की मांडवातल्या म्हाताऱ्या लगेच एकमेकींकडे बघतात, आणि पुढच्या लग्नाला दुसरीला सुपारी जाते. बाबा गेल्यापासून आई घरात गप्पच असते. मांडवात बसली की मात्र पूर्वीची होते. पुढच्या आठवड्यात सुकापूरला हळद होती, आणि ती त्याच तयारीत असायची.

त्या दुपारी मी कामावरून लवकर आलो. गल्लीच्या तोंडाशीच मला माझे स्पीकर ऐकू आले. फाटलेले, किंचाळणारे. पकडला एकदाचा, म्हणून मी धावत शेडकडे गेलो.

पुढच्या सीटवर आई बसली होती. डोळे मिटलेले, अंबाड्याची एक बाजू सुटलेली आणि हातात केसांची पिन. पेनड्राइव्हवर तिच्या जोडीदारणीचा धवला लागला होता आणि आई ओळ झेलत होती. प्रत्येक ओळ उशिरा. मी दार उघडलं तरी तिला कळलं नाही. टेप बंद केला तेव्हा ती दचकली.

"तू कवा आलास?"

"आय, हा स्क्रू तू फिरवतेस?"

"हलदीचा सराव करते. मंग परत होता तसा करून ठेवते." ठेवत असे, पण अंदाजाने.

"मग टेपचाच आवाज वाढवायचा ना!"

"नंबर तू बगतंस," ती म्हणाली आणि पिन अंबाड्यात खोचायला लागली.

दोघांवर घेतलेला संशय गळून पडला आणि त्याच्या जागी एकच उरला, तो मला नको होता.

"तुला ऐकू येत नाही का गं?"

"येतं की! तुजा सगला येतं. उगाच कायतरी. सुकापूरला जाऊन कोनाला असा काय बोलू नको."

तिने हे इतकं ठासून सांगितलं की दुसऱ्या कोणी विश्वास ठेवला असता. पण मी तिचाच मुलगा. मी गाडीसमोर, उजेडात उभा राहिलो. शेड शांत होती. ती डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत होती, रोजच्यासारखीच.

मी फक्त ओठ हलवले. चहा टाकू का?

"टाक," आई म्हणाली. "साखर कमी."

मी तोंडातून आवाज काढलाच नव्हता.