कुंभारे काकांच्या गाडीची लेव्हल तीन

"गाडी आपोआप पळाली," कुंभारे काका तिसऱ्यांदा म्हणाले.

मी त्यांच्या फाटकापाशी उकिडवा बसून बंपर पाहत होतो. बंपर आत गेला होता. फाटकाचा सिमेंटचा खांब मधोमध तडकला होता. खांबाच्या पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या, कोपराला पट्टी बांधून. त्या सकाळी फाटक उघडत होत्या. गाडी आली तेव्हा बाजूला पडल्या म्हणून वाचल्या. मी बंपर पाहतो असं दाखवत होतो, पण माझी नजर सारखी त्या पट्टीवर जात होती.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, मालगाडीचे गार्ड. मूळचे भंडाऱ्याचे. वय बहात्तर. चार महिन्यांपूर्वी त्यांनी आमच्या शोरूममधून इलेक्ट्रिक गाडी घेतली, मी तिथला मेकॅनिक. रोजचं चालणं किती? काकूंच्या खांद्याची फिजिओथेरपी इथंच रायपुरात, तेलीबांध्याला, आठवड्यातून तीनदा. भाजी, बँक, दवाखाना. सगळं मिळून दिवसाला सहा-सात किलोमीटर. ई-रिक्षात काकूंना बसता येत नाही. धक्का बसला की वरचा दांडा धरायला हात वर जात नाही. म्हणून गाडी.

त्यांचा मुलगा सुनील त्याच दिवशी हैदराबादहून आला होता. गाडीची चावी त्याच्या खिशात होती. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत.

"भैया, रिपोर्ट में क्या आएगा, बता दो. गाडी की गलती है तो कंपनी से लडूँगा. पापा की है तो गाडी बेच दूँगा. आज के बाद ये नहीं चलाएँगे."

"पळाली गाडी," काका पुन्हा म्हणाले. आधी हे सांगताना जेवढा आवाज होता, तेवढा आता नव्हता.

मला मात्र रिपोर्ट लिहायचीच भीती वाटत होती. त्याचं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. शाळा आठवीत सुटली. रायपूरला आलो ते एका नातेवाइकाच्या भरवशावर. बीरगांवात ट्रकचे टायर खोलत होतो. तिथून साहू सरांनी मला उचललं. ते आमच्या वर्कशॉपचे सर्व्हिस मॅनेजर. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला हात लावायचा तर हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग लागतं, अन ट्रेनिंगला आयटीआयचा कागद लागतो. माझ्यापाशी कुठलाच कागद नव्हता. साहू सरांनी स्वतःच्या सहीवर मला बसवलं. आज घरी पैसे जातात, बायको-पोरी इथं आणल्या, ते त्या एका सहीवर. मला अजूनही वाटतं, कोणीतरी येईल अन म्हणेल, चूक झाली, तू परत बीरगांवला जा.

तर मी स्कॅनर लावला. गाडीला धक्का बसला की आधीचे काही सेकंद तिच्यात नोंदले जातात. पायाचा दाब, वेग, बॅटरी. स्क्रीनवर आलं ते सरळ होतं. आधी एक्सिलरेटर सुटलेला. मग एकदम नव्वद टक्के दाबलेला. ब्रेक शेवटपर्यंत शून्य.

मी केबल काढून परत लावली. तेच आलं. तिसऱ्यांदा लावली. तेच.

फोटो साहू सरांना पाठवला. फोन लगेच आला. "एक्सिलरेटर नब्बे, ब्रेक झीरो. ड्राइवर की गलती. लिख और आ जा."

खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी मला उठवेना. काका दारू पीत नाहीत, चाळीस वर्षं पेट्रोलची गाडी चालवली आहे, घरातून निघायच्या वेळी, दहा पावलांवर बायको उभी असताना नव्वद टक्के पाय काहून दाबतील?

मी खालच्या ओळी पाहिल्या. बॅटरी शंभर टक्के. रीजेन जवळपास शून्य. त्या ओळीवर मी बोट ठेवलं.

रीजेन म्हणजे काय, ते सांगतो. इलेक्ट्रिक गाडीत एक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटं काम करते. वीज बनवून बॅटरीत परत टाकते, अन त्या ओढीनं गाडी हळू होते. याच्या लेव्हल असतात. झिरोवर गाडी जुन्या पेट्रोलच्या गाडीसारखी घरंगळत राहते, थांबवायला ब्रेक लागतो. तीनवर नुसता पाय उचलला तरी गाडी चांगलीच हळू होते. गावातल्या गावात ब्रेकला पाय लावायचं काम फार पडत नाही. वीज वाचते, एका चार्जमध्ये गाडी जास्त पळते.

पण बॅटरी पूर्ण भरलेली असली की आणखी वीज ठेवायला जागा नसते. मग लेव्हल तीन असूनही रीजेन लागत नाही. दोन-चार किलोमीटर गाडी मोकळी धावते.

"काका, चार्जिंग कधी लावता?" मी विचारलं.

"रोज. घरी आलो का लावतो. शंभर होऊ देतो. अर्ध्या टाकीनं निघायची सवय नाही आपल्याले."

रोज सहा किलोमीटर चालायचं अन रोज शंभर. म्हणजे सकाळी घरातून निघताना, फाटकापर्यंतच्या उतारावर, रीजेन नाही. रस्त्यावर थोडं चाललं की परत आहे. काकांचा पाय चार महिन्यांत ब्रेक विसरला होता. पाय उचलला की गाडी थांबते, हेच त्याला माहीत. एरवी गाडी पोचेपर्यंत फाटक उघडलेलं असायचं, थांबावं लागत नसे. त्या सकाळी ते उघडलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी पाय उचलला. गाडी थांबली नाही. समोर काकू. पाय जिथं होता तिथंच जोरात दाबला गेला.

अन लेव्हल तीन मी लावली होती.

डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फुटला, हार घातला, मोठ्या पुठ्ठ्याच्या चावीसोबत फोटो झाला. उरलेल्या दहा मिनिटांत मी काकांना गाडी समजावली. माझे शब्द मला आठवले: "तीनवर ठेवली काका, ब्रेकची गरजच नाही पडत." आमच्याकडे सगळ्याच गाड्या तीनवर जायच्या. गिऱ्हाईक फोन करून एकच विचारतं, गाडी कमी का चालते. ते फोन बंद व्हावेत म्हणून साहू सरांनी तसं सांगून ठेवलं होतं. म्हणजे लिहिलं तर माझं नाव, अन माझ्या नावाच्या वर त्यांचं.

वर्कशॉपला परत आलो. फॉर्म भरायला बसलो, उठलो. हात धुतले. पाणी प्यायलो. दुसऱ्या गाडीचं बोनेट उगाच उघडून पाहिलं. 'कारण' या रकान्यात लिहिलं: ड्रायव्हरकडून एक्सिलरेटर दाबला गेला. तेवढं पुरेसं होतं. सुनील गाडी विकेल. काका घरात बसतील. काकूंचा खांदा आहे तसाच राहील. अन कोणी मला काही विचारणार नाही.

मग मी खाली दुसरी ओळ लिहिली. फुल चार्जमुळे रीजेन बंद होतं, डिलिव्हरीच्या वेळी मी लेव्हल तीन लावली व ब्रेक लागत नाही असं सांगितलं. फुल चार्जची गोष्ट सांगितली नाही.

साहू सरांनी कागद दोनदा वाचला.

"किसी ने पूछा था?"

"नाही सर."

"तीन का ऑर्डर मेरा था, मालूम है न?"

"हव सर."

"फिर भी लिख दिया."

मी म्हणालो, "सर, काकू हातभरानं वाचल्या. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी हेच होईल." त्यांच्याकडं पाहायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडं पाहत होतो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, नुसत्या कागदावर त्यांचा मुलगा मानणार नाही, त्याला दाखवून ये. सही त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी आमची टेस्टची गाडी घेऊन गेलो, तेच मॉडेल, मुद्दाम शंभर टक्के चार्ज करून. कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानात पाण्याचे रिकामे जार ओळीनं ठेवले. मी काकांच्या बाजूला बसलो, एक हात पार्किंग ब्रेकच्या बटणावर. सुनील मागच्या सीटवर. मी मधेच "थांबा" म्हणायचं अन काकांनी जारच्या आधी थांबायचं.

काकांना राग आला होता. "जिंदगी गार्डच्या डब्यात, ब्रेक व्हॅनमधी गेली माही, अन हा पोट्टा मले ब्रेक शिकवून राहिला."

लेव्हल तीनवर दहा वेळा केलं. दोन जार गेले. एकदा मला बटण ओढावं लागलं. तिन्ही वेळा काकांचा पाय ब्रेकवर पोचलाच नव्हता. मागून सुनील म्हणाला, "पापा, आप तो पाँव हटाते ही नहीं उधर से."

मग मी झिरो लावला. अर्धा तास नुसतं चालवू दिलं. गाडी घरंगळायला लागली तसा त्यांचा पाय आपणहून ब्रेकवर जायला लागला. चाळीस वर्षांची सवय होती, कुठं गेली नव्हती. परत दहा वेळा "थांबा" म्हटलं. एकही जार पडला नाही.

घरी आलो. काकूंनी चहा ठेवला होता. काका खुर्चीत बसले, कप हातात घेतला नाही.

"गाडी नाही पळाली," ते काकूंना म्हणाले. "म्याच पळवली."

"मले माहीत होतं," काकू म्हणाल्या. "मी समोरच होती ना. तुमचं तोंड दिसत होतं मले. प्या चहा."

सुनीलनं चावी लगेच दिली नाही. त्याच्या अटी होत्या. लेव्हल झिरोच राहील. चार्जिंग आठवड्यातून दोनदा, ऐंशीपर्यंत. आई फाटक उघडून आधी बाहेर ओट्यावर जाईल, मग गाडी हलेल. शेवटची अट काकांनी स्वतः घातली: दिवे लागल्यावर ते गाडी काढणार नाहीत, समोरच्या लाइटचा त्रास होतो. हे त्यांनी त्या दिवसापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मग चावी टेबलावर आली.

साहू सरांनी रिपोर्टवर सही केली. मला एक मेमो मिळाला, अन दोन महिने डिलिव्हरीवरून काढलं. मेमो हातात आला तेव्हा मी आधी शेवटची ओळ पाहिली. कामावरून कमी, असं कुठं नव्हतं. वरच्या साहेबांकडून साहू सरांनाही बोलणी खावी लागली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. ते त्याबद्दल माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आता आमच्या डिलिव्हरीच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढले आहेत: रोज किती चालता, अन आधी कोणती गाडी होती. लोक मला विचारतात, वय झालेल्या माणसाला जवळच्या जवळ फिरायला इलेक्ट्रिक गाडी चालते का. चालते. गिअर नाही, क्लच नाही, पंपावर जायचं नाही. पण दिवसाला सहा किलोमीटर चालवणाऱ्याला जास्तीची रेंज देऊन काही उपयोग नाही. त्याच्या पायाला जे आधीपासून येतं, गाडी तशी लावून द्या, अन त्यासाठी दहा मिनिटं पुरत नाहीत. मी आता एक तास घेतो. मागं थांबलेलं गिऱ्हाईक कुरकुर करतं.