होडीतल्या दोघी

"होडीत आम्ही दोघीच होतो."

आवडाबाई हे वाक्य मासळी विकताना म्हणायची, जाळं विणताना म्हणायची, कोणी काही विचारलेलं नसतानाही म्हणायची. तेरा वर्षं म्हणत होती. ऐकणारे मान हलवायचे, आणि ती पाटी उचलून वळली की एकमेकांकडे बघून हसायचे.

भाट्याच्या खाडीच्या अलीकडे खारव्यांची वस्ती. तिथल्या धाकूची ही मुलगी. वस्तीच्या वरच्या अंगाला बंदरावरच्या कारकुनाचं घर होतं, आणि त्याची दमयंती आवडीच्याच वयाची. एकीच्या हाताला शाईचा वास, दुसरीच्या हाताला मासळीचा. तरी चैत्रात दोघी कातळावर बसून ओले काजू फोडायच्या, आणि चिकानं दोघींच्या बोटांची सालं एकदमच निघायची.

एकोणीसशे एकवीस साली, दोघींना पंधरावं लागलं असताना, दमयंतीचं लग्न देवरूखच्या एका पन्नाशीच्या बिजवराशी ठरलं. तिची मावशी राजापूरला होती. ती तिला मुंबईला शाळेत पाठवायला तयार होती. पण राजापूरला पोचायचं कसं? आवडीनं बापाची होडी सोडली. भर दुपारी, भरतीच्या पाण्यावर. लांबून ओळखू येऊ नये म्हणून दमयंतीनं आपल्या हातानं आवडीला धाकूची बंडी घातली, डोक्याला त्याचं मुंडासं बांधलं. पलीकडे उतरताना ती आवडीच्या गळ्यात पडून म्हणाली, "हे मी जन्मात विसरणार नाही." मावशीनं पाठवलेल्या बैलगाडीत ती बसली, आणि आवडी एकटीच वल्हं मारत परत आली.

शेजारच्या सगुणानं काठावरून ती होडी पाहिली होती. तिला एक लुगडं दिसलं आणि एक मुंडासं दिसलं. होडी धाकूची, म्हणून लुगड्यातली ती आवडी ठरली. मुंडाशातला तो कोण, एवढंच गावाला शोधायचं राहिलं. कारकुनानं तर अब्रूपायी सांगून टाकलं की मुलगी आठ दिवसांपूर्वीच मावशीकडे गेली.

आवडीचं जयगडला जमलेलं लग्न मोडलं. दुसरं जमलं नाही. धाकूनं तिच्याशी बोलणं टाकलं. भात हवा असला की तो भिंतीला सांगायचा, आणि भिंतीच्या वतीनं आवडी वाढायची. मुंबईला तिनं दोन पत्रं लिहवून पाठवली. उत्तर आलं नाही.

मग चौतीस साली एक दिवस मास्तरांच्या यमुनाबाई ओटीवरून एक पुस्तक दाखवत म्हणाल्या, "आवडे, ही तुझीच दमयंती ना गो? कादंबरी लिहिलीय तिनं. दोन मैत्रिणींची. एक कारकुनाची, एक खारव्याची."

आवडाबाई डोक्यावरची पाटी उतरवायची विसरली.

"होडी हाय काय त्यात?"

"असेल की. वाचून सांगते."

"नको बाय. पुढचं एकट्या वाचू नका. माझ्यासंगतीच वाचा."

यमुनाबाईंनी शब्द दिला. रोज दुपारी मासळी संपली की आवडाबाई अंगणात येऊन बसायची, आणि त्या ओटीवरून वाचायच्या. पुस्तकातली मैत्रीण गंगी नावाची होती. काजूचा चीक आला तेव्हा आवडाबाईनं आपली बोटं उलटी करून पाहिली. "चीकसुद्धा लिवलान!" ती म्हणाली. "जी चीक विसरली नाय, ती होडी कशी विसरंल?"

त्या रात्री जेवताना तिनं बापाला ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. धाकूनं उचललेला घास ताटात परत ठेवला. मग भिंतीला म्हणाला, "छापलेलं असंल तर मी मानीन."

एके दिवशी पुढच्या प्रकरणाचं नावच 'होडी' निघालं, आणि दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन गेली. त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता. काठीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. सगुणाही न बोलावता आली, आणखी दोघीतिघींना घेऊन.

यमुनाबाई वाचू लागल्या. "'ओहोटीच्या पाण्यावर चांदणं पसरलं होतं. गंगीचा प्रियकर, तो उमदा खलाशी, मुंडासं सावरीत वल्हं मारीत होता. गंगी लाजून त्याच्या खांद्यावर...'"

त्या थांबल्या. पण थांबायला उशीर झाला होता.

"ऐकलास गो?" सगुणा म्हणाली. "मी काय आंधळी होते?"

"खोटं हाय!" आवडाबाई उभी राहिली. "दुपार होती. भरती होती. ओहोटीला तिथं होडी चिखलात बसते, पोर सांगंल! आणि मुंडासं माझ्या डोक्याला होतं. तिनंच बांधलान!"

"मग तो खांदा कुणाचा? तुझ्या मुंडाशाला खांदे फुटले काय गो?" सगुणानं विचारलं.

बायका हसल्या. सगळ्या खारव्यांच्या बायका. ओहोटीला त्या जागी होडी चालत नाही, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण चांदणं, खलाशी आणि खांदा हे चिखलापेक्षा गोड होतं, आणि ते छापलेलं होतं.

आवडाबाईनं बापाकडे पाहिलं. धाकूनं चाचपडत ओटीचा खांब धरला आणि खांबाला सांगितलं, "छापलेलं हाय."

यमुनाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आवडे, मी सांगते त्यांना, की मी चुकीचं वाचलं. उद्या नीट वाचते, त्यांच्यासमोर. तू म्हणशील तसं."

"नको बाय. तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत." तिनं पाटी उचलली, रिकामी होती तरी डोक्यावर घेतली. "तिला माझी बोटं आठवली. माझं तोंड आठवलं नाय."

काठी अंगणात पडली होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा ती बापासाठी थांबली नाही. कुंपणाबाहेर पडून ती खाडीच्या वाटेला लागली. नेहमीचं ते वाक्य ती त्या दिवशी बोलली नाही, नंतरही मासळी विकताना कोणी ते तिच्या तोंडून ऐकलं नाही.

सगुणा आणि तिच्या बायका आपापसांत बोलत होत्या, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. धाकूला दिसत नव्हतं. तो खांबाला विचारत राहिला, "गेली काय? गेली काय ती?"

यमुनाबाई पुस्तकात बोट घालून उभ्या होत्या. सुरूच्या झाडांआड पाटी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी एकट्यांनीच पाहिलं.